अण्णा, कुंभारगल्लीचं पाणी बंद केलं

अण्णा,

तुम्ही गेलात ते मला जकात नाक्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं. मी साताऱ्याहून येत होते. एसटी नाक्यावर थांबली तशी मी सवयीनं खिडकीतून तुमची खुर्ची बघितली. ती भिंतीला टेकवून उलटी ठेवली होती. "अण्णा रजेवर का?" म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, "सोमवारी गेलं की. खुर्चीतच. मान टाकली, आमास्नी वाटलं डोळा लागला आसंल." तेवढ्यात गाडी सुटली. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण होते तुमचे? "पाणीखात्यात होते," एवढंच मी म्हणाले.

कचेरीच्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या होत्या. जकात कारकून नेमगोंडा पाटील यांचं निधन, दुपारनंतर कामकाज बंद. जकात कारकून! गावातला एकेक व्हाल्व डोळे मिटून हाताला सापडणारा माणूस, त्याला शेवटी फळ्यावर जकात कारकून म्हणून पोचवला. फळ्याच्या कडेला खडू पडलेला होता. उचलून ते खोडावं आणि 'पाणीपुरवठा मिस्त्री' असं लिहावं, असं फार वाटलं. लिहिलं नाही. लिहायच्या वेळी माझा हात कसा आखडतो ते तुम्हाला माहीत आहे.

आपली ओळखच भांडणानं झाली होती, आठवतं? मी नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात नवीन नर्स म्हणून आले. नवऱ्यानं टाकलेली, चार वर्षांची मंगल कडेवर, एक ट्रंक. तिसऱ्याच दिवशी पंपघरावर येऊन तुम्हाला म्हणाले, तुमच्या पाण्याला वास येतो, असल्या पाण्यानं मी बाळंतिणीचं अंग धुणार नाही. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात, टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "साताऱ्याच्या न्हवं तुमी? तुमच्याकडं डोंगरावरच्या तळ्यातनं पाणी येतंय. कुणी हात लावायच्या आधी तुमच्या घागरीत पडतंय. आमी खालची माणसं. वरच्या समद्या गावांनी वापरून सोडलेलं ते आमच्या वाट्याला. वास येणारच की, बाई." आणि मग, मी आणखी काही बोलायच्या आत, "उद्यापास्नं तुमच्या टाकीत मी सोता पावडर टाकतो." टाकलीत. सणावारालासुद्धा चुकला नाहीत.

तुमच्या घरी पाणी दुहेरी फडक्यानं गाळून पीत. फडक्याला अडकलेला जीव परत विहिरीत सोडायचा, अशी तुमच्या आईची शिस्त होती, असं तुम्ही सांगायचात. मला ते तेव्हा थोडं हसू येण्यासारखं वाटे. पुढं कळलं, की पाण्याकडे असं बघणारा तुमच्याशिवाय त्या कचेरीत कुणी नव्हता.

आणि तो नकाशा. कचेरीत गावाचे तीन नकाशे होते. नळांचा पाणीखात्याच्या कपाटात, गटारांचा आरोग्यखात्याच्या, विहिरी आणि आडांचा बांधकामाच्या. तिन्ही कपाटांना वेगवेगळी कुलपं, आणि तीन साहेब एकमेकांशी बोलायचे ते फक्त झेंडावंदनाला. तुम्ही कारकुनांच्या मिनतवाऱ्या करून तिन्ही मागून आणलेत आणि मेणकापडावर एकच काढलात. नळ निळे, गटारं तांबडी, विहिरी हिरव्या. तो पंपघराच्या फरशीवर पसरून मला दाखवताना तुम्ही गुडघ्यांवर बसला होतात. "कागदावर तीन खाती हायती, बाई. मातीखाली एकच पाणी हाय. त्येला आपलं खातं ठावं न्हाई." मोठ्या साहेबांना दाखवलात तेव्हा ते म्हणाले, रंग छान भरलेत, पाटील. तुम्ही गुंडाळी करून परत आणलात. त्या दिवशी तुमच्या तोंडावर जे होतं ते मी विसरले नाही.

मग दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. कृष्णेचं पात्र वाळूचं झालं होतं आणि मधून सुतासारखी धार. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. कुंभारगल्लीतली शालन आठव्या महिन्यात माझ्याकडे चालत आली. वय अठरा. म्हणाली, "बाई, अन्नावरची वासनाच गेलीया." मी खालची पापणी ओढून बघितली. हळदीत बोट बुडवावं तसं पिवळं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मूल आधीच पोटात गेलं होतं. शेवटी ती बरळत होती आणि मधूनच शुद्धीवर येऊन विचारत होती, "माझी घागर नळावर ऱ्हायलीया का?"

आठ दिवसांनी दुसरी आली, मग तिसरी. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कावीळ बाकीच्यांना महिनाभर निजवते, पण दिवस गेलेल्या बाईला सोडत नाही. मी रजिस्टरात नावं लिहीत होते आणि एके दिवशी पत्त्याच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. कुंभारगल्ली. कुंभारगल्ली. कुंभारगल्ली, मारुतीमागे. पुन्हा कुंभारगल्ली. रजिस्टर पदराखाली घेऊन मी भर उन्हात पंपघरावर आले.

तुम्ही नावं वाचलीत. नकाशा पसरलात आणि रस्त्याखालच्या मोरीपाशी, जिथं निळी रेघ तांबड्या रेघेखालून जाते, तिथं बोट ठेवलंत. मी म्हटलं, नळ फुटला असता तर पाणी वर आलं असतं ना? तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी पुढं प्रत्येक नवीन नर्सला सांगत आले. "पाणी चालू आसतं तवा नळ गळतोय. बंद झालं की नळ पितोय." पूर्वी चोवीस तास पाणी असे, पाइप भरलेला असे, बाहेरचं आत शिरत नसे. आता एका तासानंतर पाइप रिकामा होतो, आणि रिकामा झाला की भोवतीचं जे असेल ते ओढून घेतो. भोवती गटार होतं. पंपावर कितीही पावडर टाकली तरी तिचा उपयोग तिथवर पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीपाशी स्वतः खणलंत. पाइपाची चाळण झाली होती. तुम्ही तिच्यावरून बोटं फिरवलीत आणि ती बोटं धोतराला न पुसता तशीच धरून उभे राहिलात.

"आत्ता बंद करा," मी म्हणाले.

"बंद करून त्यांनी प्यायाचं काय?"

"ते मला विचारू नका. विष आहे ते. बंद करा."

"त्यांचा आड आटलाय. बंद केलं की समद्या बाया नदीत झरा खणाय जातील. कुठं खणतील? ह्योच नाला जितं पडतोय तितं. हितं थेंब पित्यात, तितं घागर पितील. मला दोन दिवस द्या. बागेची विहीर मोकळी करतो."

बागेच्या विहिरीला पाणी होतं. गावातली एकमेव चांगली विहीर, आणि ती नगरपालिकेच्या नव्या बागेला जोडलेली. बागेत कारंजं होतं. त्या उन्हाळ्यातही हिरवळ होती. तुम्ही आधी कितीदा सांगितलं होतं, की बागेला नाल्याचं निवळलेलं पाणी चालतं, विहीर माणसांना द्या. विहिरीवरच्या पंपघराची किल्ली बागखात्याकडे. तुम्ही ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलात, आणि त्या दोन दिवसांत कुंभारगल्लीची पाण्याची एक पाळी आली. तासाभराची. तुम्ही ती सोडलीत.

मी तो तासभर गल्लीत नळापाशी उभी होते. पिऊ नका, पिऊ नका म्हणून ओरडत होते. काहींनी ओतून टाकलं. एक म्हातारी म्हणाली, "आवं, उकळून प्या म्हणताय. भाकरीला जळण न्हाई, पाण्याला कुठलं आणू?" तिथून मी तडक तुमच्याकडे आले आणि जे बोलले ते माणसानं माणसाला बोलू नये. म्हणाले, "ह्या तासाला जे प्यायलेत ते महिन्याभरानं माझ्याकडं येतील. त्यांची नावं मी तुम्हाला आणून दाखवीन." तुम्ही मान खाली घातलीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पहारीनं बागेचं कुलूप फोडलंत. रबरी नळी रस्ता ओलांडून गल्लीत नेलीत, आणि मग चावी लावून गल्लीचा व्हाल्व फिरवून बंद केलात. दीड महिना कुंभारगल्ली त्या विहिरीवर जगली. कारंजं थांबलं. तरी बायका येत राहिल्या, कारण आजचा पिवळा डोळा महिन्यापूर्वी प्यालेल्या पाण्याचा असतो. एका पानावर मावेनात एवढ्या आल्या. मग एके दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तुम्हाला सांगायला निघाले, तर पंपघरावर दुसराच माणूस बसलेला. तुम्हाला निलंबित केलं होतं. सरकारी कुलूप फोडलं, हुकमाशिवाय पाणी बंद केलं, गावात घबराट पसरवली.

आता ते लिहिते, जे इतकी वर्षं बोलले नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "सिस्टर, क्वार्टर बरं आहे ना? मुलगी कितवीत?" मी म्हणाले, तिसरीत. "छान. एकट्या बाईला छप्पर म्हणजे मोठी गोष्ट." बाकी काहीच बोलले नाहीत. चहा गोड होता. मी पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी चौकशीत विचारलं, काविळीच्या रोगी बायका कोणत्या भागातल्या होत्या? रजिस्टर माझ्या खणात होतं. त्यातलं एक पान जरी दाखवलं असतं तर तुमचं कुलूप फोडणं गुन्हा ठरलं नसतं. मी म्हणाले, "मला सांगता येणार नाही." तुम्ही समोरच्या बाकावर बसला होतात. मला वाटलं होतं, तुम्ही वर बघाल. तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी नीट करत बसला होतात.

तुमची बदली जकात नाक्यावर झाली. कुंभारगल्लीच्या पाइपाला जोड मारला, खड्डा बुजवला, बागेच्या विहिरीला नवीन कुलूप लागलं. पाऊस आला, दुष्काळ हटला, लोक विसरले. नकाशाचं काय झालं, मी विचारलं नाही.

त्यानंतर साताऱ्याला जाता-येता दर वेळी तुम्ही नाक्यावर दिसायचात. गुळाच्या गाड्या मोजणारा माणूस गाडी थांबली की खिडकीपाशी यायचा. "मंगल कितवीला गेली?" "पाणी कसं येतंय प्रसूतिगृहात?" एकदा तुम्ही कवठेमहांकाळच्या सासुरवाडीची हातभर लांब काकडी खिडकीतून आत दिलीत, दुष्काळी गावची म्हणून लय गोड, म्हणालात. मी हसून घेतली. दर वेळी ठरवायचे, ह्या खेपेला उतरायचं आणि सांगायचं. गाडी तीन मिनिटं थांबते, अण्णा. तीन मिनिटांत सांगून झालं असतं.

आपली शेवटची भेट ह्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीची. तुम्ही खिडकीच्या गजाला हात धरलात आणि मंगलचं काही विचारलं नाहीत. हळूच म्हणालात, "बाई, नावं दावणार हुतासा. त्या पाळीची. कोण कोण हुतं?"

मी म्हणाले, "तसं सांगता येत नाही, अण्णा. कुणी कधी प्यालं, कुणाला कशानं झालं, कुणालाच सांगता येत नाही." ते खरं होतं. पण चौकशीतही मी हेच शब्द वापरले होते, त्यामुळं तुम्ही विश्वास ठेवावा तरी कसा? तुम्ही मान हलवलीत, ह्या बाईनं मला वाचवायला खोटं सांगितलं अशी, आणि गजावरचा हात काढलात.

पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. तुमच्या मंडळी पद्माक्का सोप्यात बसल्या होत्या. मी पाया पडले आणि बसायच्या आत सगळं सांगितलं. रजिस्टर, चहा, क्वार्टर, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं."

"काय म्हणाले?"

"मीच म्हणलं हुतं, त्या बाईचं तोंड बघू नका. तर म्हणाले, ती गप बसली, मी बी दोन दिस गप बसलोच की. ज्येचे त्येचे दोन दिस आसत्यात, म्हणाले." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "पर मी त्यांच्यागत न्हाई. मला राग हाय. मानूस नळाचा हुता, त्येला रस्त्याच्या धुळीत बसवला. पुन्यांदा येऊ नगासा. आनि च्या ठेवत न्हाई, उठा."

मी उठले. बरं वाटलं, अण्णा. कुणीतरी मला बोललं.

निघताना अक्कांच्या थोरल्या दिरांकडून कळलं, की तुम्ही बजावून ठेवलं होतं, माझी राख नदीत सोडायची नाही, खाली लोकांची जॅकवेल आहे, पिण्याच्या पाण्याचा पंप आहे. ती त्यांनी शेतात बांधाला टाकली.

आज तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. दहाव्या दिवशी माझ्याकडे एक बाई आली. सुलभा, सातवा महिना. मी पापणी ओढली, आणि पत्ता विचारायचं धैर्य होईना. तिनंच सांगितला. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली. मारलेला जोड किती वर्षं टिकेल असं तुम्हाला कुणी विचारलं असतं, तर तुम्ही नेमका महिनासुद्धा सांगितला असतात.

मी लिहिलं. दोघींची नावं, गल्ली, मोरी, सगळं, आणि जुन्या रजिस्टरातल्या त्या बायकाही, शालनपासून. खाली सही केली. नवे साहेब म्हणाले, ठेवून जा, बघतो. मी म्हणाले, पोच द्या. "पोच कशाला, सिस्टर?" मी टेबलापाशी उभीच राहिले. बराच वेळ उभी राहिले. शेवटी त्यांनी शिक्का मारला.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुलभा गेली. मी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि त्याला अर्ज वाचून दाखवला, शिक्का दाखवला, आणि मोरीपाशी नेऊन पाइप कुठून जातो ते सांगितलं. दुपारच्या आत गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या. साहेबांनी मागच्या दारानं माणूस पाठवला आणि व्हाल्व बंद झाला. परवाची गोष्ट.

क्वार्टर सोडायची नोटीस काल आली. मंगलला सांगितलं. ती म्हणाली, आई, तू हे आधीच करायचं होतंस. आता ती मॅट्रिकला आहे, बोलते.

पण अण्णा, बागेची विहीर बुजवलीय. तिच्यावर सिमेंटचा चौथरा आहे, वर कुणाचा तरी पुतळा बसायचाय. मला माहीत नव्हतं. बायका घागरी घेऊन तिथवर गेल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आज संध्याकाळी टँकर आला. मी चालकाला विचारलं, कुठून भरला? "नदीतनं," म्हणाला, "नाल्याच्या अंगाला जरा खोल हाय, तितं पाइप बुडतोय." पाण्याला मातीचा रंग होता. दोन दिवस तहानलेली गल्ली त्याच्यावर तुटून पडली. थांबवावं तर कशाच्या जोरावर? मी क्लोरीनची बाटली घेऊन टँकरच्या तोटीपाशी उभी राहिले आणि भरलेल्या प्रत्येक घागरीत मापानं टाकत गेले, अर्धा तास पिऊ नका, अर्धा तास पिऊ नका, असं सांगत. शेवटच्या आठ-दहा घागरींना बाटली पुरली नाही. त्या बायकाही पाणी घेऊन गेल्या.

पाणी सोडायला हवं होतं की बंद करायला हवं होतं, हे मी तुम्हाला आज विचारलं असतं. तुम्ही काहीतरी सांगितलं असतंत, मी ते खोडून काढलं असतं, तुम्ही टोपी सारखी केली असतीत. उद्या सकाळी पुन्हा टँकर यायचाय. मी नवीन बाटली घेऊन चाललेय, आणि माझ्याशी भांडायला तिथं कुणी नाही.